शेरा

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की
धानाच्या पुंजण्यांमधून नागपूर पासिंगच्या गाड्या
धूळ उधळत पिंपळबोडीपर्यंत येतात,
आणि टिनाच्या खोपटात मी रजिस्टर उघडते.
नाव, गाव, मोबाईल, किती डोकी, कोणती बोट.
शेवटचा रकाना ‘शेरा’. तो बहुतेक कोराच राहतो.
शिक्का जुनाच, मासेमार संस्थेचा;
बोटीचं भाडंही अजून रोहू-कतल्याच्या खात्यात जमा होतं.

सगळ्यांचं बोट आधी पाच नंबरच्या बोटीवर.
मोटर, छप्पर, आत दोन पलंग, गुलाबी पडदे,
रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वेगळे.
पेंटरनं ‘जलराणी’तला ‘ज’ एवढा मोठा काढला
की ‘णी’ला वळसा घालून मागं जावं लागलं.
डिझेल पिते, बगळे उठवते,
आणि तलावातून वैनगंगेच्या फुगवट्यात शिरताना
दरवेळी बेशरमीत अडकते.
‘तुमची आवडती कोणती हो?’ बाया विचारतात.
मी पाच सांगते. तिचं भाडं जास्त आहे.

मी माणसं पाहून बोट देते, हे कुणाला ठाऊक नाही.
नव्या लग्नाचे आले की एक नंबर, हंसाची:
तिची पायडलं इतकी करकरतात
की बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं.
गाडीतून उतरतानाच भांडलेले असतील तर दोन नंबर.
दोघांची वल्ही एका ठेक्यात पडली नाहीत
तर ती जागच्या जागी गरगरते.
अर्ध्या तासानं परततात,
हात भरून आलेले, आवाज उतरलेले.
तीन नंबर मास्तर लोकांची. का, ते माहीत नाही.
सहा नंबर भाड्याचा नाहीच, बाबांचा डोंगा आहे तो, शिंगाड्यांचा.
तो मागणारा अजून जन्मायचा आहे.

उरली चार.
सागाची, रेखन दिघोऱ्यानं जोडलेली,
उन्हात पिवळी, सावलीत काळी.
बुडाशी एक सांध होती,
दर वल्ह्याला सुपारीएवढं पाणी आत घ्यायची;
फळीखाली डालडाचा डबा असायचा उपसायला.
यंदा दिवाळीआधी बाबांनी सुतळी नि डांबर ठासून
ती बुजवली. तपासणीला साहेब येणार होते.

काल गोंदियाचे कटरे आले. चार डोकी.
धाकटा, नववं लागलेला, मागच्या वर्षीही आला होता.
बापाचं बोट पाचवर, आईचं हंसावर.
तो म्हणाला, ‘मले ते पायजे. जिच्यात पानी येते ते.’
‘आता नाई येत बाप्पा, दुरुस्त केली.’
त्याचं तोंड असं झालं
जसं मी त्याचंच काही विकून टाकलं.

तरी चारच घेतली. डबा मांडीवर.
बाबा वल्हवत होते, मी काठावरून बघत होते:
पोरगं ओणवं होऊन फळीखाली बघतंय,
पुन्हा बघतंय,
पार लाखोळीच्या बांधापाशी नाव वळेस्तोवर.
मग त्यानं डबा बाहेर बुडवला,
तलाव भरून घेतला, नावेत ओतला,
आणि उपसायला लागला.
ओतायचा. उपसायचा. ओतायचा.
आईची चप्पल भिजली, ती ओरडली असावी,
इथवर नुसता हात हललेला दिसला.
आणि बाबा,
ज्यांना बांधावरून गढूळ पाण्यातली बोटभर मासोळी दिसते,
त्यांना समोरच्या बाकावरचं काही दिसत नव्हतं.
आभाळातली बदकं मोजत बसले होते ते.

उतरला तेव्हा कमरेपर्यंत ओला.
‘लय पानी आलं,’ मला सांगितलं त्यानं,
‘पन बुडू नाई देली.’
गाडीच्या सीटवर आईनं आधी पोतं अंथरलं,
मग त्याला बसवलं.

मी रजिस्टर ओढलं.
कोऱ्या रकान्यात लिहिलं:
नाव क्रमांक चार गळते.
दुरुस्ती नको.